आवाजाची भिंत आणि मुका गाव

पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील मूर्तिशाळांत सर्वांत अवघड काम कोणते, असे कोणाही कारागिराला विचारले तर तो डोळ्यांच्या आखणीकडे बोट दाखवील. धड साच्यातून निघते, रंग फवाऱ्यानेही चढवता येतो. डोळे मात्र मुरलेल्या हातानेच उघडावे लागतात. एक रेषा चुकली की देवाची नजर चुकते. ज्या तालुक्याने नजरेच्या बाबतीत इतकी काटेकोर शिस्त पिढ्यानुपिढ्या जपली, त्याच तालुक्यात त्याच मूर्तीला निरोप देताना कानांच्या बाबतीत कोणतीही शिस्त उरू नये, ही विसंगती वरवरची नाही. मूर्तीच्या पुढे टेम्पोवर वा ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत चालते, तिच्यामागे जनरेटर धडधडतो, तावदाने थरथरतात आणि म्हातारी माणसे कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसतात. पेणमध्ये जे चालते तेच रोह्यात चालते. गणपतीत जे चालते तेच हळदीच्या रात्री, वाढदिवसाला आणि पुढाऱ्याच्या विजयी मिरवणुकीत चालते. या साऱ्याला 'डीजे' हे नाव आहे.

नाव मोठे विलक्षण आहे. डिस्क जॉकी म्हणजे तबकडीवर स्वार होणारा, ती निवडणारा, फिरवणारा माणूस. पेण-रोह्याच्या डीजेत तबकडी नाही. तेथे एक लॅपटॉप असतो, त्यात खोचलेला पेनड्राइव्ह असतो आणि आदल्या महिन्यात कोठून तरी उतरवून घेतलेली रिमिक्स गाणी असतात. इतकेच नव्हे, तर तेथे माणूसही नाही. 'डीजे आला' असे गावात म्हटले जाते तेव्हा टेम्पो आलेला असतो. ज्या शब्दाने एका कारागिराचा बोध व्हावयाचा, तो शब्द एका भाड्याच्या यंत्राचे नाव होऊन बसला आहे. माणूस गळून पडला आणि भिंत उरली. हा केवळ भाषेचा विनोद मानण्याचे कारण नाही. गावाच्या सांस्कृतिक जीवनात जे घडले त्याचा तो अचूक गोषवारा आहे.

नाव उसने, अर्थ हरवलेला

हा शब्द ज्या लोकांनी घडवला आणि झिजवला, ते लोक श्रीमंत नव्हते. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात १९४० आणि १९५० च्या दशकांत हॉटेलांतील वाद्यवृंद गोरगरिबांच्या आवाक्याबाहेर होते आणि रेडिओवर त्यांच्या आवडीचे संगीत क्वचितच लागे. तेव्हा वस्तीतील मोकळ्या अंगणांत मोठाले स्पीकर मांडून, अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या वाजवून नाचण्याची प्रथा रुजली. या यंत्रणेला तेथे 'साउंड सिस्टीम' म्हणत. हेडली जोन्ससारख्या स्थानिक तंत्रज्ञांनी तिचे अँप्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधले. पुढे ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांसारखे मालक उदयाला आले, त्यांच्यात चुरस लागली आणि त्या चुरशीतून स्वतंत्र जमैकाचे स्वतःचे संगीत जन्माला आले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस या परंपरेने जे वळण घेतले ते येथे विशेष महत्त्वाचे आहे. तबकडीच्या एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचा गायकाविना ठसा छापला जाऊ लागला. त्याला 'व्हर्शन' म्हणत. ऑसबोर्न रडक, जगाला 'किंग टबी' या नावाने ठाऊक असलेला माणूस, मुळात रेडिओ दुरुस्त करणारा आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर होता. त्याने मिक्सिंगच्या पटालाच वाद्य केले. गायकाचा आवाज काढून घ्यावयाचा, ढोल आणि बास यांचा सांगाडा तेवढा ठेवावयाचा, मध्येच शब्दाचा एखादा तुकडा सोडून त्याचा प्रतिध्वनी दूरवर विरू द्यावयाचा, अशी त्याची रीत होती. या शैलीला 'डब' हे नाव पडले. भर घालून नव्हे, तर काढून घेऊन घडवलेले हे संगीत होते.

आणि काढून घेतलेल्या त्या जागेचे काय झाले? तेथे वस्तीतला माणूस बोलू लागला. जमैकेच्या परिभाषेत तबकडी लावणाऱ्याला 'सिलेक्टर' म्हणतात. 'डीजे' म्हणतात तो माइक हाती घेऊन त्या तालावर शब्द बोलणाऱ्याला. किंग टबीच्या यंत्रणेवर यू-रॉय नावाचा डीजे असाच बोलत असे आणि त्याचे बोलणे पुढे स्वतंत्र कलाप्रकार ठरले. म्हणजे मूळ अर्थाने डीजे हा बोलणारा माणूस आहे. पेण-रोह्याच्या डीजेसमोर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलता येत नाही. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये जे अंतर पडले, तेच या वादाचे मर्म आहे.

ही परंपरा पुढे श्रमिकांबरोबरच समुद्र ओलांडून गेली. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये गेलेल्या कामगारांना तेथील अनेक क्लबांची दारे वर्णभेदामुळे बंद होती. त्यांनी तळघरांत, घरांत आणि सभागृहांत आपल्या साउंड सिस्टीम उभ्या केल्या. १९७० च्या दशकात लिंटन क्वेसी जॉन्सन या कवीने डबच्या तालावर पोलिसी अत्याचाराविरुद्ध कविता म्हटल्या. शाहीर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ताल लोकांचा आणि त्यावरचा शब्दही लोकांचा, हे दोन्हींतले समान सूत्र आहे. २००० च्या सुमारास लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन भागात, एका तबकडीच्या दुकानाभोवती जमणाऱ्या तरुणांनी याच डबचा वारसा घेऊन 'डबस्टेप' घडवला. ताल मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांचा, पण मधल्या मोकळ्या जागांमुळे संथ भासणारा. गाभा खोल बासचा आणि भोवती अंधार. नवी चाल मोजक्या प्रतींच्या मऊ तबकडीवर कोरून घ्यावयाची आणि ब्रिक्स्टनच्या मैफलीत लोकांच्या कानांपुढे परीक्षेला ठेवावयाची, अशी ती कारागिरी होती.

तबकडीची मर्यादा

तबकडीवर मिक्सिंग करणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. दोन फिरत्या थाळ्या आणि त्यांच्या मधोमध एक मिक्सर, एवढीच सामग्री. एका थाळीवरील संगीत सभागृहात वाजत असते. दुसऱ्या थाळीवरील पुढची तबकडी वाजवणारा एका कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकत असतो. दुसरा कान सभागृहाकडे असतो. दोन तबकड्यांच्या गतींतील फरक हाताने सरकपट्टी हलवून, बोटाने थाळीला किंचित रोखून वा ढकलून मिटवावयाचा असतो. त्यात क्षणाची चूक झाली तर दोन घोडे एकमेकांच्या पायांत अडकावेत तसे ताल अडखळतात आणि ते साऱ्यांना कळते. हे काम कानाचे आहे. एक कान स्वतःसाठी आणि एक कान लोकांसाठी ठेवण्याचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, तबकडी अतिरेक सहन करीत नाही. बासचा सूर जितका खोल आणि मोठा, तितकी खोबण रुंद होते आणि तबकडीवरचा वेळ कमी होतो. हाव धरली तर सुई उडते. स्पीकर थाळीच्या फार जवळ आणून आवाज बेसुमार वाढवला तर त्याची थरथर सुईतून पुन्हा यंत्रात शिरते आणि सारा खेळ एका गुरगुराटात बुडतो. म्हणून वाजवणाऱ्याला यंत्र कोठे मांडावे, आवाज कोठवर न्यावा, खाली काय अंथरावे याचा विचार करावाच लागतो. मर्यादा बाहेरून पोलिसाने घातलेली नसते. ती साधनाच्या पोटातच असते. चांगला ध्वनितंत्रज्ञ अँप्लिफायरला त्याच्या क्षमतेच्या टोकापर्यंत कधीच पिळत नाही, कारण पिळलेल्या अँप्लिफायरमधून निघणारी लहर माथ्यावर छाटली जाते आणि तिच्यातून कर्कश उपसूर जन्मतात. कान विटतात ते या छाटलेल्या आवाजाने. कर्कशपणा हे सामर्थ्याचे लक्षण नसून अडाणीपणाचे आहे, हे किंग्स्टनच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यालाही ठाऊक होते.

पेनड्राइव्हला असे काही पोट नाही. त्यातून येणाऱ्या आवाजाला सुई नाही, खोबण नाही, अडखळणे नाही. येथे कोणी जुन्या यंत्राचे गोडवे गाऊन नव्या यंत्रावर बहिष्कार घालण्याची सूचना करीत नाही. लॅपटॉपवरही कारागिरी होऊ शकते आणि तबकडीवरही बाजार मांडता येतो. प्रश्न आहे तो मर्यादेच्या स्रोताचा. जी मर्यादा साधनातून आपोआप येत होती, ती साधन बदलल्यावर माणसाच्या शिक्षणातून आणि समाजाच्या संकेतातून यावयास हवी होती. तसे शिक्षण कोणी दिले नाही आणि असा संकेत कोणी घालून दिला नाही.

किंग्स्टन ते हळदीचा मांडव

२०१० नंतर अमेरिकेतील मोठमोठ्या संगीतमहोत्सवांनी डबस्टेपची मोकळी जागा बुजवली आणि खोल बासऐवजी मधल्या सुरांचा किंचाळा पुढे आणला. शांततेतून फुटणाऱ्या तालाच्या जागी 'ड्रॉप' नावाचा एक ठरावीक आघात आला. तिकीट काढून आलेल्या हजारोंनी एकाच क्षणी उड्या माराव्यात यासाठी तो बेतलेला असतो. भारतात या बाजाराला २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये पुण्याकडे वळलेल्या 'सनबर्न' महोत्सवासारखी व्यासपीठे मिळाली. त्याच बाजाराचे उष्टे इंटरनेटवरून फुकटात उतरवता येऊ लागले आणि आगरी-कोळी गीतांच्या, नाशिक ढोलाच्या आणि हलगीच्या ठेक्यांना चिकटवले गेले. हळदीच्या रात्री गाणे मध्येच थांबते, एक चढता भोंगा वाजतो आणि मग छातीवर घण पडतो, तो घण असा फिरत फिरत आलेला आहे. वस्तीच्या अंगणातून निघालेली गोष्ट भांडवलाच्या गिरणीतून दळून निघाली आणि दुसऱ्या वस्तीच्या अंगणात भाड्याने परत आली. मधल्या प्रवासात तिच्यातला बोलणारा माणूस तेवढा गाळून टाकण्यात आला.

मूळ परंपरेशी इमान राखणारे लोक या देशात नाहीत असे नाही. दिल्लीच्या 'बीएफआर साउंड सिस्टीम'ने या परंपरेचा राजकीय धागा उचलला. २०१६ पासून 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे आणि डबचा महोत्सव सुरू झाला. परंतु या प्रयत्नांचा श्रोता प्रायः महानगरी, इंग्रजी जाणणारा आणि पर्यटनाला निघालेला आहे. ज्याला डबचा अर्थ कळतो त्याला पेणचा रस्ता ठाऊक नाही, आणि पेणमध्ये जो टेम्पोवर यंत्र चढवतो त्याला किंग्स्टनचे नाव कोणी सांगितलेले नाही. ज्ञान एकीकडे आणि गोंगाट दुसरीकडे, ही वाटणीही वर्गीयच आहे.

या गोंगाटाखाली जे गाडले गेले त्याची नोंद कोठल्याही पंचनाम्यात होत नाही. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण हे एक मानाचे स्थान होते. ती धवले गात असे. आणि तिचे गाणे शोभेसाठी नसे, लग्नाचे विधीच त्या गाण्यातून लागत. भटाविना, पोथीविना, एका कष्टकरी बाईच्या मुखातून लग्न लागत असे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे. आज हळदीच्या मांडवात स्पीकरांची भिंत उभी राहिली की धवलारीण गाऊन तरी काय उपयोग? तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू येणार नाही. बंदीहुकूम काढून तिला कोणी गप्प केले नाही. नुसता आवाज वाढवून गप्प केले.

तीच गत खालूबाजाची. सनई, ढोल, टिमकी आणि झांज एवढ्या सामग्रीवर दक्षिण रायगडात आणि रत्नागिरीत पालख्या नाचल्या, शिमगे झाले, वराती निघाल्या. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. ज्या गावात देवाला सरकारी सलामी मिळते, त्या गावात देवापुढे पिढ्यानुपिढ्या वाद्य वाजवणाऱ्या माणसाला मात्र सुपारीसाठी दारोदार फिरावे लागावे? एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात खालूबाजाचा ताफा किती दिवस पोसला जाईल, याचा हिशेब मंडळांच्या जमाखर्चात कोणी मांडून पाहावा.

भिंतीमागचा धनी आणि बंदीवाल्यांचे कान

हे भाडे भरतो कोण? वर्गणी गावाची असते, परंतु भिंतीवरचा फलक पुढाऱ्याचा असतो. जमिनीचे दलाल, ठेकेदार आणि निवडणुकीचे इच्छुक यांना तरुणांच्या डोक्यांवर आपले नाव लावण्याचे याहून स्वस्त साधन मिळालेले नाही. वाचनालय काढले तर मुलगा वाचील आणि प्रश्न विचारील. तालमीची जागा दिली तर तो आपली जागा मागावयास शिकेल. भिंत उभी केली तर तो रात्रभर नाचेल, सकाळी थकून झोपेल आणि दोन्ही वेळा त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. या गावांत जमिनींचे व्यवहार होत असताना आवाजाची जितकी गरज आहे, तितक्याच तत्परतेने तो हिरावून घेण्याची ही सोय आहे.

याउलट शहरी मध्यमवर्गाला डीजे म्हणजे 'असंस्कृत पोरांचा धिंगाणा' वाटतो. त्याचे उत्तर एकच: बंदी घाला, यंत्रे जप्त करा. या मागणीतला पहिला अर्धा भाग न्याय्य आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असला पाहिजे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणावारांसाठी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याची मुभा राज्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या विषयावर सविस्तर निकाल दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अंमलबजावणीचे विस्तृत आदेश दिले. कायदा अपुरा नाही. त्याचा कान मात्र निवडक आहे.

तो किती निवडक आहे हे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या कामगाराच्या बाजूने पाहिले की कळते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलपर्यंतचा आवाज मान्य आहे. १०० डेसिबल दोन तास चालतो आणि ११५ डेसिबल पाव तास. गोंगाटाने येणारे बहिरेपण कायद्यात नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून दाखल आहे. कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हे शास्त्र कारखान्याच्या फाटकाआड बदलत नाही. तरीही डीजेवर लेख लिहिणाऱ्या किती लेखण्यांनी पाळीवर उभ्या असलेल्या या माणसाच्या कानांची कधी विचारपूस केली? दिवसा यंत्र त्याचे कान खाते तेव्हा तो उत्पादनाचा खर्च. रात्री तो स्वतः नाचतो तेव्हा तो संस्कृतीचा शत्रू! संस्कृतिरक्षकांना कामगाराचा आवाज सलतो, कामगाराचे बहिरेपण सलत नाही.

आणि जप्ती कोणाची होते? टेम्पोवर बसलेल्या पोराची. त्याने कर्ज काढून अँप्लिफायर आणि स्पीकर घेतलेले असतात. हंगाम चार महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे. 'आवाज वाढव' असा हुकूम मंडपातून येतो आणि गुन्हा त्याच्या नावावर दाखल होतो. यंत्राच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो, म्हणून बहिरेपणाचा पहिला बळीही तोच. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या उल्लंघनाबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा काढून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. एप्रिल २०२४ पासून ही तरतूद अमलात आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी दंड म्हणजे भाड्याचाच वाढीव हप्ता. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी तो सर्वनाश. फलकावर ज्याचे छायाचित्र आहे त्याच्या दारात दंडाची नोटीस जाईल, तो दिवस कायद्याच्या खऱ्या अंमलबजावणीचा पहिला दिवस म्हणावा लागेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, किंग्स्टनचे हे चित्र फार गोंडस आहे. तेथील यंत्रणाही मोठ्या आवाजाच्या होत्या, त्यांचे मालक व्यापारी होते, त्यांच्यात दंडेली चालत असे आणि १९७० च्या दशकात तेथील राजकीय पक्षांनी वस्त्या हिंसेने वाटून घेतल्या. हे सर्व खरे आहे. किंबहुना म्हणूनच तो धडा येथे लागू पडतो. तेथेही धनी होते, चुरस होती, गोंगाट होता. तरीही यंत्र बांधणारा, ते ऐकणारा आणि त्यावर बोलणारा माणूस त्याच वस्तीतला होता. म्हणून त्या गोंगाटातून नवनिर्मिती झाली. पेण-रोह्यात यंत्र बाहेरचे, गाणे बाहेरचे, पैसा पुढाऱ्याचा. गावाचा वाटा काय तो कानाचा आणि पायांचा.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे: गरिबाच्या आयुष्यात आनंदाचे चार दिवस, तेही मोजूनमापून द्यावयाचे काय? आनंदाला कोणाचाही विरोध नाही. परंतु ज्या आनंदात तान्हे मूल दचकून रडते, हृदयविकाराच्या रुग्णाला गाव सोडून नातलगांकडे जावे लागते आणि शेजारणीला शेजारणीशी बोलता येत नाही, तो आनंद गावाचा नसतो. गावातल्या बलिष्ठांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या स्थळांसाठी मानक घालून दिले. त्यात सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा ठेवली, कान विसावण्यासाठी शांत जागा सांगितली. म्हणजे नाचण्यावर बंदी घालण्याची गरज नाही. गरज आहे ती नाचणाऱ्याला उद्याही ऐकू यावे याची.

आवाज कोणाच्या मालकीचा?

तेव्हा बंदी की मोकळीक, हा वादच खोटा आहे. आवाज कोणाच्या मालकीचा, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर पेण आणि रोहा येथील नगरपालिकांनी व भोवतालच्या ग्रामपंचायतींनी दिले पाहिजे. ध्वनिमापक यंत्र पोलीस ठाण्याच्या कपाटात न राहता मिरवणुकीच्या अग्रभागी, आकडा सर्वांना वाचता येईल असे असावे; आकडा लोकांसमोर आला की साहेबाची मर्जी संपते. ध्वनिक्षेपकाचा परवाना मंडळाच्या पदाधिकाऱ्यांच्या आणि प्रायोजकाच्या नावावर द्यावा, म्हणजे दंडही त्यांच्याच नावावर पडेल. यंत्र चालवणाऱ्या तरुणांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ध्वनितंत्राचे रीतसर शिक्षण, कानांची वार्षिक तपासणी आणि लेखी करार मिळावा. मूर्तिशाळेतला पोरगा वर्षानुवर्षे आखणी शिकतो, तर आवाजाची आखणी कोणी न शिकता का करावी?

त्याचबरोबर पालिकेने आणि पंचायतीने आपली स्वतःची, लहान पण उत्तम ध्वनियंत्रणा उभारून ती माफक शुल्कात गावाला द्यावी. तिच्यावर खालूबाजाचा ताफा वाजावा, धवलारणीचा आवाज मांडवभर पोहोचावा आणि त्यांच्या धवल्यांचे, ठेक्यांचे ध्वनिमुद्रण गावाच्या मालकीचे म्हणून जतन व्हावे. गावातल्या ज्या पोराला डीजे व्हावयाचे आहे त्याने पेनड्राइव्हमधला उसना घण बाजूला ठेवून हेच ध्वनिमुद्रण हाती घ्यावे. टिमकीचा ठेका ठेवावा, बाकीचे काढावे, मध्ये जागा सोडावी आणि त्या जागेत आपल्या गावाविषयी बोलावे. खारबंदिस्ती फुटल्याबद्दल, कंत्राटी नोकरीबद्दल, विकल्या गेलेल्या शेताबद्दल बोलावे. किंग टबीने याहून वेगळे काही केले नव्हते. तो ज्या दिवशी असे बोलेल, त्या दिवशी डीजे हे नाव त्याला शोभेल.

हा जिल्हा मुका कधीच नव्हता. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर याच जिल्ह्यात माणुसकीचा उच्चार झाला. १९३३ ते १९३९ या काळात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध संप केला आणि शेते ओसाड ठेवली, पण तोंड बंद ठेवले नाही. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सेझच्या प्रश्नावर जनमत नोंदवले आणि देशातल्या बलाढ्य भांडवलापुढे आपले मत मांडता येते हे दाखवून दिले. त्या दिवशी त्या गावांत कोणी भिंत भाड्याने आणली नव्हती. लोकांचा आवाज तिच्यावाचून मुंबईपर्यंत पोहोचला होता.

त्याच गावांची मुले आज भिंतीपुढे नाचताना एकमेकांना हाका मारतात आणि हाक पोहोचत नाही. आवाजाला धनी मिळाला की लोकांचा घसा कोरडा पडतो. तो घसा पुन्हा ओला करावयाचा असेल तर यंत्र लहान करावे लागेल, माणूस मोठा करावा लागेल आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाने मंडळाच्या पुढच्या बैठकीत उठून विचारावे लागेल की, भाडे गावाचे तर आवाज कोणाचा?